लग्नाआधी तोंड कसे बिघडवावे

लग्न एप्रिल-मेमधले असेल तर आठ दिवस आधी सुरुवात केली तरी चालते. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचे ऊन निम्मे काम फुकटात करून देते.

आधी लिंबू. अर्धी फोड चेहऱ्यावर सालीसकट चोळावी आणि तशाच तोंडाने गच्चीवर पापड वाळत घालायला जावे. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनाच्या. त्यात लिंबातल्या, विशेषतः सालीतल्या फ्युरोकुमारिनवर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे उरलेले काळे डाग महिनोन्‌महिने हटत नाहीत. गोरे व्हायला निघून काळे डाग मिळवायला याहून स्वस्त मार्ग नाही. आग झालीच तर वरून खाण्याचा सोडा लावावा. तो आठाच्या वरचा, म्हणजे सरासरी बरोबर येते.

कोणी टोकले तर ठसक्यात सांगावे, "नैसर्गिक आहे, काय होते त्याले?" बिब्बाही नैसर्गिकच असतो. दाराला लिंबू-मिरचीसोबत ओवतात तोच. त्याचे तेल उतले की काय होते ते आजीला विचारा. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा केल्या आणि ते कपडे घालणारे परदेशी सैनिक मान खाजवत दवाखान्यात गेले. बांधावरचे गाजरगवतसुद्धा शंभर टक्के नैसर्गिक. त्याने सुजलेले चेहरे चर्मरोगतज्ज्ञांना नवे नाहीत.

दुकानातला माल घेताना वासावर जावे. 'परफ्यूम' या एका शब्दाआड कितीही सुगंधी द्रव्ये लपू शकतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊपणासाठी घालतात, त्याला तर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 सालचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवले. एवढा मान मिळालेली वस्तू सोडू नये.

खरी मजा काळ्या मेंदीत. अस्सल मेंदी लालसर रंगते. झटपट काळी होणारीत बहुधा केस रंगवायचे पीपीडी असते. लिंबू लगेच झोंबते, याचा हिशेब उधारीचा. पहिल्या वेळी शरीर त्याला फक्त ओळखून ठेवते, पुढच्या कुठल्यातरी वेळी फोड आणते, आणि ती ओळख सहसा जन्मभर विसरत नाही. म्हणून "मी तर वर्षानुवर्षे हेच लावते" हे वाक्य सुजण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत खरे असते.

मैत्रिणीने दिलेली स्टेरॉइडची नळीही हाताशी ठेवा. चार दिवस चेहरा उजळतो. सोडली की लाली, पुरळ आणि पातळ झालेली कातडी.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, म्हणून ती शेवटी सांगतो. नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर लावून पाहावे. तिथे खाज, लाली आली तर चेहऱ्यावर लावूच नये. आणि पापण्या सुजल्या तर वाट पाहू नका; यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळच आहे. जाताना डबी, नळी, मेंदीचा कोन, जे लावले ते सगळे सोबत न्या.