भाषा क्रमांक दोन

युरोपातल्या सहा देशांनी आपला कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणायचं ठरवलं, तेव्हा त्या करारात पोराबाळांचा विषय निघायचं काही कारण नव्हतं. १९५१ साली पॅरिसला सह्या झाल्या आणि पुढच्या वर्षी लक्झेंबर्गला कचेरी थाटली. पण कचेरी आली की साहेब येतात, साहेबांमागून बिऱ्हाडं येतात आणि बिऱ्हाडांबरोबर पोरं. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्यांना पुढचं सांगायला नको. आपल्याकडे रेल्वेतल्या आणि पोस्टातल्या मंडळींनी हा प्रश्न मुलांना आजीकडे ठेवून सोडवला. लक्झेंबर्गला आजीची सोय नव्हती.

शाळा नव्हत्या असं नाही. पण लक्झेंबर्गी माणसाची तऱ्हा निराळी. तिथलं मूल घरी लक्झेंबर्गी बोलतं, अक्षरं जर्मनमध्ये गिरवतं आणि मोठं झालं की बीजगणित फ्रेंचमध्ये सोडवतं. यात काही विशेष आहे असं त्याला वाटतही नाही. रोमहून किंवा हेगहून आलेल्या आईबापांना मात्र घाम फुटला असणार. त्यांनी एकत्र येऊन १९५३ च्या ऑक्टोबरात स्वतःचीच शाळा काढली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि इथे फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच पोरं एका अंगणात पकडापकडी खेळायला लागली. १९५७ साली सरकारांनी करार करून शाळेला रीतसर रूप दिलं. १९५९ मध्ये पहिली तुकडी शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडली. आज ‘युरोपियन स्कूल’ या घराण्याच्या सहा देशांत तेरा शाळा आहेत. गंमत म्हणजे त्यांतल्या काही निघाल्या त्या अणुसंशोधन केंद्रांच्या शेजारी: बेल्जियममध्ये मोल, जर्मनीत कार्ल्सरूह, इटलीत वारेसे. शास्त्रज्ञ आले, मागोमाग बालवाडी आली. आपल्या अणुशक्तीनगरातही हेच घडलं, फक्त भाषांची एवढी भानगड कोणी केली नाही.

भानगड खरोखरच मोठी आहे. बालवाडीची दोन, प्राथमिकची पाच आणि माध्यमिकची सात अशी चौदा वर्षं मूल या शाळेत काढतं, आणि तिथे भाषांना नावाआधी नंबर असतात. आईची ती भाषा एक. पहिलीपासून सुरू होते ती भाषा दोन. माध्यमिकला भाषा तीन. हौस असेल तर चार, आणि अगदीच दांडगी हौस असेल तर पाच. ज्या मुलांच्या भाषेचा विभागच शाळेत नाही, त्यांच्यासाठीही एक खातं आहे: विभाग नसलेल्यांचा विभाग. असं खातं उघडायला प्रशासनाची खास प्रतिभा लागते.

माझ्या आतेबहिणीचा नातू याच पठडीतल्या एका शाळेत शिकतो. लक्झेंबर्ग सरकारने २०१६ पासून स्वतःच्या खर्चाने अशा काही शाळा उघडल्या, त्यामुळे बँकेत आणि आयटीत काम करणाऱ्या मराठी मंडळींचीही सोय झाली. प्रवेशाच्या फॉर्मवर नातवाची भाषा एक इंग्रजी लागली, दोन फ्रेंच आणि तीन जर्मन. ताईने व्हिडिओ कॉलवर हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मराठी कितवी?” मुलगी म्हणाली, “आई, मराठी घरची.” त्यावर ताई म्हणाली, “घरच्या माणसाला रांगेत उभं करत नाहीत हे कळतं मला. पण निदान पाट तरी मांडला असता.” हा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही. गणपतीत हमखास निघतो.

माझं लक्ष मात्र इतिहासाच्या तासाकडे लागलं आहे. या शाळांचा नियम असा की माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षापासून सामाजिक शास्त्रं, म्हणजे इतिहास-भूगोल, भाषा दोनमध्ये शिकायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो छळाचा एक शास्त्रोक्त प्रकार वाटला. सनावळ्या मातृभाषेत लक्षात राहत नाहीत तिथे परक्या भाषेत काय राहणार? पण त्याचा परिणाम काय होतो तो बघा. फ्रेंच मुलाला फ्रेंच ही भाषा दोन म्हणून घेताच येत नाही. म्हणजे तो नेपोलियन शिकायला इंग्रजीच्या नाहीतर जर्मनच्या वर्गात जाऊन बसतो आणि आपल्या सम्राटाची कहाणी डब्लिनच्या किंवा ड्रेस्डेनच्या बाईंकडून ऐकतो. फ्रेंच सर ज्यांना इतिहास शिकवतात, त्या वर्गात फ्रेंच सोडून सगळे असतात. लंडनमध्ये वॉटर्लू नावाचं स्टेशन आहे आणि पॅरिसमध्ये ऑस्टरलित्झ नावाचं. प्रत्येकाने आपापला विजय फलाटावर लावून ठेवलाय. या शाळेत मुलांना दुसऱ्याच्या स्टेशनावर उतरवतात.

नातवाच्या वर्गातली हकीकत त्यानेच मला सांगितली. मला तो मामाआजोबा म्हणतो आणि माझ्याशी मराठीत बोलतो, फक्त क्रियापदं वाटेत सांडतात. वर्गात फ्रेंच सर नेपोलियनच्या कायद्याबद्दल बरंच प्रेमाने सांगत होते. एका स्पॅनिश मुलीने हात वर केला. तिला १८०८ बद्दल बोलायचं होतं. नेपोलियनच्या फौजा माद्रिदमध्ये होत्या, लोक उठले आणि दुसऱ्या दिवशी गोळीबारात माणसं मारली गेली, ते. पोरगी तापलेली होती. पण फ्रेंच व्याकरणात भूतकाळाचे इतके प्रकार आहेत की त्यातला योग्य तो निवडायला वेळ लागतो. तिने एक वाक्य सुरू केलं, सोडलं, परत सुरू केलं. सर थांबले. मागच्या बाकावरच्या पोर्तुगीज पोराने तिला क्रियापद पुरवलं. (नेपोलियनच्या फौजा पोर्तुगालातही गेल्या होत्या, तेव्हा ही मदत निव्वळ भाषिक नसावी.) ती बोलून झाली तेव्हा तिचं म्हणणं सगळं बाहेर आलं होतं, आवाज मात्र खाली आला होता. सरांनी मान डोलावली, तिचा मुद्दा फळ्यावर लिहिला आणि क्रियापद दुरुस्त केलं.

मातृभाषेत माणूस विचार करायच्या आधी बोलून मोकळा होतो. इतिहासाच्या बाबतीत तर हमखास. आपला राग, आपला अभिमान, आपली बखर सगळं जिभेवर तयार असतं, वाक्यं घडवावी लागत नाहीत. ती आजोबांनी घडवून ठेवलेली असतात. भाषा दोनमध्ये मात्र प्रत्येक वाक्य स्वतः बांधावं लागतं. बांधता बांधता आपण काय म्हणतोय हे ऐकू येतं. फ्रान्स आणि जर्मनीने दोन्हीकडच्या मुलांसाठी एकच मजकूर असलेलं इतिहासाचं पुस्तक काढलं, त्याचा पहिला भाग यायला २००६ साल उजाडलं. त्यासाठी तज्ज्ञ बसवावे लागले. हे काम या शाळा नुसत्या वेळापत्रकाने करत आल्या आहेत.

अर्थात या शाळेतून सगळे सारखेच घडून बाहेर पडतात असं समजू नये. ब्रसेल्सच्या युक्ल भागातल्या युरोपियन स्कूलमध्ये साठच्या दशकात उर्सुला फॉन डेर लायन शिकत होत्या, ज्या पुढे युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्याच शाळेत सत्तरच्या दशकात काही काळ बोरिस जॉन्सन होते, ज्यांनी ब्रिटनला युरोपीय संघातून बाहेर काढलं. एकाच शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात या दोघांना बोलवायचं म्हटलं तर स्वागताध्यक्षाचा जीव जायचा. आणि ब्रिटन निघून गेला तरी इंग्रजी काही गेली नाही. ती वर्गातच बसून आहे. आता तिच्या वतीने आयर्लंड आणि माल्टा हजेरी देतात.

आपल्याकडे ‘इंटरनॅशनल’ शाळा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती घोड्यांची पागा आणि फीचा आकडा. वर्गात बसलेले सगळे बाणेर-बालेवाडीचे. खरी बहुभाषिक शाळा आपल्याकडे कोणी चालवली असेल तर ती मुंबई महानगरपालिकेने: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशी आठ माध्यमं. काही इमारतींत तर एका मजल्यावर मराठी, वर उर्दू, त्याच्यावर तमिळ, आणि सगळ्यांना मिळून एक जिना. तिला आंतरराष्ट्रीय म्हणायचं कोणाला सुचलं नाही, कारण फी नव्हती. फक्त इतिहासाच्या तासाला प्रत्येक मजला आपापल्या भाषेत आणि आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. जिन्याचा उपयोग मधल्या सुट्टीपुरता.

समजा, तसा जिना इतिहासालाही लावला तर? आमच्या पुस्तकात नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बंगालपर्यंत मराठी सत्ता नेली, असं एक ऐटदार वाक्य होतं. ते वाचून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. बंगालमध्ये मात्र मुलाला झोपवताना अजून बर्गी येईल म्हणून सांगतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ साली मराठी घोडदळ येणार या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि त्याचं नावच मराठा डिच पडलं. दोन वर्षांनी बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने बोलणी करायला म्हणून बोलावून रघूजींचे सेनापती भास्कर पंडित यांना छावणीत दग्याने मारलं. हा भाग आपल्याला तोंडपाठ, तर गावं जळाली तो भाग त्यांना.

आपल्याकडे असलं वेळापत्रक कोणी लावून देईल असं मात्र नाही. २०२५ साली नुसती पहिलीपासून तिसरी भाषा कोणती यावर महाराष्ट्रात एप्रिलमध्ये एक शासन निर्णय निघाला, जूनमध्ये दुसरा, आणि जून संपता संपता दोन्ही मागे घेतले गेले. तिथे नागपूरच्या पोराने अठरावं शतक बंगालीत शिकावं असं म्हणणाऱ्या माणसाला कोण चहा विचारील? पण ताईच्या नातवाला ही कल्पना सांगितली तेव्हा त्याला त्यात काही विनोदी वाटलं नाही. “मग पेपर कोण तपासणार?” एवढंच त्याने विचारलं. बरोबर आहे. कोलकात्याच्या बाई नागपूरच्या मुलाचा तपासतील, नागपूरचे सर कोलकात्याच्या मुलीचा. तो बंगालीत लिहील की बारगीरांनी गावं जाळली, ती मराठीत लिहील की भास्करपंतांचा दग्याने खून झाला, आणि दोघांचेही शुद्धलेखनाचे दोन-दोन मार्क कापले जातील.