शाई फुटत नाही ना?

आमचे नाना वही विकत घेत नाहीत, वहीची चौकशी लावतात.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने "शंभर पानी की दोनशे? एकरेघी की दुरेघी?" असं विचारलं की नाना चष्मा कपाळावर चढवून उलट विचारतात, "तंतू कशाचे?"

"काका, वही आहे. सतरंजी नाही."

मग खिशातून जाड निबाचं शाईपेन निघतं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नाना '॥ श्री ॥' लिहितात, पान उलटून उजेडात धरतात आणि निकाल देतात, "फुटली!" शाई मागे उमटली की पान एकाच बाजूने वापरायचं, म्हणजे कागद दुप्पट, म्हणजे झाडं दुप्पट. निबापासून जंगलापर्यंत नानांचं गणित चोख असतं. '॥ श्री ॥' लिहिलेली वही आता कोणाच्या गळ्यात मारावी, हे गणित दुकानदाराने सोडवायचं.

नाना चुकीचं बोलत नाहीत, हीच खरी पंचाईत. 'पर्यावरणपूरक' छापलेली तपकिरी वही दिसली की सुरू, "रद्दी भिजवून कुटली की दरवेळी तंतू आखूड होतात. त्यात खळ नीट नसेल तर कागद शाई पीतच बसतो." एफएससीचा शिक्का दाखवला तर, "जबाबदारीने तोडलं, पण तोडलंच ना?" चिंध्यांपासून केलेला हातकागद त्यांना वंदनीय. जुन्नरी कागद खळ लावून घोटायचे, म्हणून त्यावरची बोरूची मोडी अजून स्वच्छ वाचता येते, हे आम्हाला पाठ झालंय. पण बाजारातल्या खडबडीत हातकागदाची लव निबात अडकते. ती टाचणीने उपसण्यात नानांची संध्याकाळ जाते. शेजारी काकू कॅलेंडरवर बॉलपेनने दुधाचे खाडे मांडून मोकळ्या होतात.

मध्यंतरी भाच्याकडून जपानी 'तोमोए रिव्हर' कागद मागवला. ५२ ग्रॅमचा, सायीसारखा पातळ, तरी शाई ना फुटली ना पाझरली. तो प्लास्टिकच्या तीन वेष्टनांत विमानाने आला होता. मी विमानाच्या धुराचा विषय काढला. "विमान काही माझ्यासाठी उडालं नव्हतं," नाना म्हणाले.

अखेर परवा उसाच्या चिपाडाची वही पास झाली. झाड नाही, शाई फुटत नाही, मागे उमटतही नाही, शिवाय कारखाने आपल्याच राज्यातले. पेढे वाटायचेच बाकी होते. त्याच रात्री नानांनी रोजनिशी सुरू केली. "आज वही मिळाली. कागद उत्तम." दुसऱ्या दिवशी, "कागद उत्तमच." तिसऱ्या दिवशी मात्र सबंध पान, दोन्ही बाजूंनी, ऊस किती पाणी पितो यावर.

चौथ्या दिवशी सकाळी नाना दुकानात हजर. "बांबूची आहे का हो?"

दुकानदाराने मुकाट्याने सगळ्या वह्यांची शेवटची पानं उघडून ठेवली.