पोळांमधल्या वाटा

जुनी घरं बघायला परगावी जाणं पुण्याच्या माणसाला जरा कमीपणाचंच वाटतं. आमच्याकडे वाडे होते. आम्ही त्यांत राहिलो, त्यांच्या जिन्यांच्या तुळया कपाळावर झेलल्या, आणि मग ते पाडून तिथे इमारती बांधल्या, ज्यांच्या नावात 'वाडा' हा शब्द आवर्जून ठेवला. विषय संपला होता. पण २०१७ साली युनेस्कोनं भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर म्हणून अहमदाबादचं जुनं शहर निवडलं, तेव्हापासून मला झोप नीट लागत नव्हती. तिथे असं काय आहे जे सदाशिव पेठेत नव्हतं, हे एकदा जाऊन तपासायला हवं होतं.

तपासणीसाठी मी बूट घेतले. हे बूट मुळात हिमालयासाठी आणलेले. हिमालयाशी माझं पुढे जमलं नाही, पण बूट मी माळ्यावर खोक्यात, मूळ कागदात गुंडाळून जपले होते.

"अहो, गल्ल्यांमधून फिरायचंय," बायको म्हणाली. ती रोजच्या चपला घालून निघाली होती.

"पायी फिरायचं तर घोट्याला आधार लागतो," मी म्हणालो. माहितीपत्रकातलं हे वाक्य मला पाठ होतं.

अहमदाबाद महानगरपालिकेची वारसा पदयात्रा १९९७ पासून चालू आहे. सकाळी काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. १८२२ सालचं हे मंदिर ब्रह्मदेशी सागवानात कोरलेलं आणि इतकं रंगवलेलं आहे की लाकूड शोधावं लागतं. आमचा मार्गदर्शक एक हसतमुख तरुण होता. वास्तुकलेचे चार विद्यार्थी होते, एक बंगळुरूचं जोडपं होतं आणि आम्ही. सुरुवातीलाच त्यानं इतिहास सांगितला. १४११ साली अहमदशहानं शहर वसवलं, मग मोगल आले, मग १७५३ साली रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी ते घेतलं. मधले खंड सोडले तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड इथला महसूल वाटून घेत होते.

"कर खूप होते," तो म्हणाला. "शहराचे हाल झाले. इथे कुणी महाराष्ट्रातलं आहे का?"

मी एक तुळई निरखू लागलो. बायकोनं हात वर केला.

पहिली पोळ आली. पोळ म्हणजे एकाच दरवाजातून आत शिरणारी, आत गेल्यावर फांद्या फुटत जाणारी गल्ली. पूर्वी एका पोळमध्ये बहुधा एकाच जातीची किंवा धंद्याची माणसं राहत, रात्री दरवाजा बंद होई आणि दरवाजावरच्या खोलीतून राखणदार येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. ती खोली रिकामी असली तरी चौकशीचं काम बंद पडलेलं नाही, हे मला लवकरच कळणार होतं.

कवी दलपतराम यांच्या चौकात पोचलो. कवींचं घर आता नाही. जागेवर दर्शनी भाग उभा केला आहे आणि ओट्यावर कवी स्वतः ब्राँझमध्ये बसले आहेत. फॉर्ब्स साहेबाला गुजराती शिकवणारे आणि १८४८ साली निघालेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीचं काम पुढे अनेक वर्षं सांभाळणारे हे गृहस्थ अगदी घरगुती बैठक मारून आहेत. मी आदरानं एक पाऊल पुढे टाकलं. पाऊल पुढे गेलं, तळ मागे राहिला.

उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटून चवड्याला लोंबत होता. चालताना आधी मी पोचायचो, मग टप्पकन तो. मी कवींच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि बूट मांडीवर घेतला. बंगळुरूच्या बाईंनी आमच्या दोघांचा फोटो काढला. त्यात कवींचा चेहरा जास्त जिवंत आलाय.

आता चौकशी सुरू झाली. समोरच्या ओट्यावर दात घासणारे एक काका आले.

"शुं थयुं?"

मी बूट दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला, का ते विचारायचं धाडस मला झालं नाही. वरच्या खिडकीतून एका बेननं विचारलं, काकांनी सांगितलं. शेजारच्या घरातून एक मुलगा बाहेर आला, त्याला बेननं सांगितलं. दुधाची किटली घेतलेला एक माणूस थांबला, त्याला सगळ्यांनी एकदम सांगितलं. फेव्हिक्विक लावावं, खिळा ठोकावा, काढूनच टाकावा आणि मुळात असले बूट घेऊच नयेत, असे चार पक्ष पडले. चौथ्या पक्षात बायको सामील झाली.

"मोची तो अगियार वागे आवशे," काकांनी निकाल दिला. घड्याळात साडेआठ झाले होते.

एवढ्यात आतून एक बा आल्या. त्यांच्या हातात फिरकी होती. उत्तरायण तोंडावर आलेलं, त्यामुळे प्रत्येक घरात पतंगाची दोरी तयार. मुलानं हौसेनं दुसरी फिरकी पुढे केली, तर बांनी त्याच्या हातावर चापट मारली. ती मांज्याची होती, पाय कापला असता. बांची साधी दोरी गुलाबी रंगाची होती. त्यांनी स्वतः खाली बसून माझ्या बुटाला ती इतक्या वेढ्यांनी गुंडाळली की सोल, बूट आणि माझी अब्रू यांचा एकच गठ्ठा झाला. पैसे काढले तर रागावल्या. "बेसो, चा पीओ," म्हणाल्या.

चहा होईपर्यंत आमचा मार्गदर्शक त्याच ओट्यापाशी बाकीच्यांना बांधणी समजावू लागला. सागवानी सांगाडा, मध्ये विटांची भरणी. खांब आणि तुळई कुसू-खोबणीनं जोडलेल्या, म्हणून जमीन हलली तरी सांधे थोडे हलतात आणि घर उभं राहतं. घराच्या मधल्या चौकाखाली चुन्यानं लिंपलेलं टाकं असतं, छपरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि वर्षभर पिण्याला पुरतं.

"या सांध्यात गोंद नाही," तो म्हणाला, आणि सगळे माझ्या बुटाकडे बघू लागले.

संध्याकाळी हॉटेलात मी शोध घेतला. बुटाचा तो मऊ तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतली नुसती आर्द्रता त्याचे रेणू हळूहळू तोडत राहते. वापरातले बूट टिकतात, खोक्यात जपलेले आतल्या आत भुसभुशीत होतात. पुण्याचे पावसाळे माझ्या माळ्यावर गुपचूप काम करत होते. पण हे सकाळी मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पुढच्या पोळमध्ये डावा सोलही गेला तेव्हा मी शहराला दोष दिला.

डाव्यासाठी दोरी नव्हती. मग मी नवी रीत शोधली. ओटा दिसला की बसायचं. आणि बसलं की अहमदाबाद दिसू लागतं, हे मला मान्य करावं लागेल. चालणाऱ्यांना कोरीव घोडनळ्या दिसत होत्या. मला बसल्याबसल्या चबुतरा दिसला, पोळमध्ये झाडांना जागा नाही म्हणून पाखरांसाठी खांबावर उभारलेलं दाण्यांचं घर, आणि तिथे दाणे टाकायला चढणारा एक म्हातारा दिसला, जो दर पायरीला पाखरांशी भांडत होता. मला फळ्यावर खडूनं लिहिलेल्या पोळच्या सूचना दिसल्या. विद्यार्थी घरांची मापं घेत होते तेव्हा मला तीन घरांत आज कोणती भाजी आहे ते कळलं होतं.

मग मार्गदर्शक एका घराच्या दारात शिरला. आम्ही मागून. कुणाच्या तरी घरात न विचारता घुसतोय असं वाटेपर्यंत आम्ही दुसऱ्याच पोळमध्ये निघालो. दंगाधोपा झाला तर पळायला ठेवलेल्या या चोरवाटा. माझा डावा सोल त्या वाटेत कुठेतरी राहिला. तो तिथे सापडला तर पुढचे इतिहाससंशोधक काय अर्थ लावतील, सांगता येत नाही.

माणेक चौकात मी एका पायानं फरशीवर आणि एका पायानं गुलाबी गाठोड्यावर पोचलो. दिवसा इथे सराफी चालते आणि रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. चौकाला नाव देणाऱ्या माणेकनाथ बाबाची गोष्ट अशी की तो दिवसा चटई विणायचा आणि रात्री उसवायचा, आणि ती उसवली की अहमदशहानं दिवसभर बांधलेला कोट ढासळायचा. गोष्ट ऐकताना मी उजव्या पायाकडे पाहिलं. दोरीचा एक वेढा सुटला होता.

सुखाचा अर्धा तास जामा मशिदीत मिळाला. १४२४ सालची, २६० खांबांची ही मशीद, आणि दारात सगळेच पादत्राणं काढतात. अनवाणी मी त्या समूहातला सर्वांत रुबाबदार माणूस होतो. १८१९ च्या भूकंपात मशिदीचे मिनार पडले, खालचे बुंधे तेवढे उरले. मी त्यांच्यापाशी बराच वेळ काढला. तळ शिल्लक राहिलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला त्या सकाळी असूया वाटत होती.

पदयात्रा संपली. मार्गदर्शकानं माझ्या पायांना नमस्कार केल्यासारखं करून निरोप घेतला. आम्ही चपलांच्या शोधात तीन दरवाजाकडे निघालो. अहमदशहाच्या काळातल्या तीन कमानी, भोवती फेरीवाले, रिक्षा, आणि जगात मिळतं ते सगळं ढिगात विकायला. तिथल्या भिंतीत बायकोला एक कोरीव लेख दिसला.

हा लेख १८१२ सालचा आहे. चिमणाजी रघुनाथ या मराठी सुभेदाराचा. देवनागरी अक्षरांत कोरलेला हुकूम असा, की बापाच्या मिळकतीतला वाटा मुलीला बिनतक्रार द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे, आणि जो मोडेल त्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्ला-रसूलापुढे जाब द्यावा लागेल.

मला भरून आलं. तो मार्गदर्शक पोरगा असता तर मी त्याला खांद्याला धरून इथे उभा केला असता. "बघ," मी मोठ्यानं म्हणालो, "कर घेतले असतील, पण हेही आम्हीच दिलं. १८१२! महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क देणारा कायदा यायला १९९४ उजाडलं आणि देशात २००५. आणि इथे आपला माणूस..."

बायको काही बोलली नाही. ती लेखाच्या अगदी जवळ गेली होती आणि बोटानं एकेक अक्षर पुसल्यासारखं चाचपत होती. वाईचं तिचं माहेरचं घर मला आठवलं. सासरे गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. बाहेर आल्यावर मेव्हण्यानं अंजिरी रंगाची साडी दिली होती. "राहू दे हो, माहेर तुटायला नको," असं ती मला म्हणाली होती, आणि मलाही ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं. ती साडी तिनं कधी नेसलेली मी पाहिली नाही.

"मी सही केली तेव्हा," ती म्हणाली, "कायदा होता. हा दगड होता. महादेव तर होताच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "तुझ्या भावानं हे बरं केलं नाही."

"माझ्या भावाचं राहू द्या," ती वळून म्हणाली. "वन्संनी कुठल्या रंगाच्या साडीवर सही केली होती?"

आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली तेव्हा आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. एकात आम्ही राहतो, दुसऱ्याचं भाडं येतं. ताई नागपूरला असते आणि दर भाऊबीजेला येते.

"आधी चपला घेऊ," मी म्हणालो.

चपलांचं दुकान समोरच होतं. दुकानदारानं माझ्या उजव्या पायाची गुलाबी दोरी कात्रीनं कापली, आतून बुटाचा भुगा पडला, त्यानं काहीही न विचारता फडक्यानं झाडला. मी एक जोड घालून पाहत होतो तेव्हा बायकोनं बायकांच्या फळीवरचा दुसरा जोड उचलला.

"वन्संचा नंबर काय हो?"

मला माहीत नव्हता.

"पाच," तीच म्हणाली.

"अगं, पण बहिणीला चपला कुणी देतं का? काय म्हणेल ती?"

"तेही खरं," तिनं जोड परत फळीवर ठेवला. "मग फ्लॅट द्या."

दुकानदारानं माझ्या चपलांचे साडेचारशे सांगितले. मी घासाघीस न करता देऊन टाकले.