भागिले शंभर

जेवायला बसण्यापूर्वी हात धुवावेत, हे आपल्याकडे मूल चालायला लागल्यापासून शिकवतात. कृत्रिम गोडीचा सगळा इतिहास मात्र हे न ऐकणाऱ्यांनी घडवला आहे. 1879 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचे रसायनज्ञ डांबरापासून निघणाऱ्या रसायनांशी दिवसभर झटापट करून घरी आले आणि तसेच जेवायला बसले. पाव गोड लागला. ते सॅकरिन. 1937 मध्ये मायकेल स्वेडा यांनी प्रयोगाच्या टेबलावर टेकवलेली सिगारेट पुन्हा ओठांत धरली, तर ती गोड. ते सायक्लामेट. 1965 मध्ये जेम्स श्लॅटर पोटातल्या अल्सरवरचं औषध शोधत होते. कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ॲस्पार्टेम सापडलं. 1976 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला क्लोरिन जोडलेल्या साखरेची चाचणी घ्यायला सांगण्यात आलं. त्यांना ऐकू आलं, चव घ्या. त्यांनी घेतली, आणि सुक्रलोज जन्माला आलं. फडणीस हे आडनाव वाचून मला अभिमान वाटला की धडकी भरली, हे अजून ठरायचं आहे. आजच्या प्रयोगशाळेत या चौघांनाही पहिल्याच दिवशी नोटीस मिळाली असती.

गोड लागायला एक क्षण पुरतो. ‘खायला हरकत नाही’ एवढे तीन शब्द लिहायला मात्र समित्यांना दशकं लागतात, आणि मला खरी मौज त्या समित्यांची वाटते.

पहिलं मोठं भांडण थेट व्हाइट हाउसमध्ये झालं. साल 1908. अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनज्ञ हार्वे वायली हे भेसळीविरुद्ध पदर खोचून उभे राहिलेले गृहस्थ. 1906 चा शुद्ध अन्नाचा कायदा त्यांच्या खटाटोपातून झालेला. त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर सांगितलं, की डबाबंद मक्यात लोक साखर समजून डांबराचा एक पदार्थ खात आहेत आणि तो आरोग्याला घातक आहे. वायलींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिनच देत होते. राष्ट्राध्यक्ष उखडले. सॅकरिनला घातक म्हणणारा माणूस मूर्ख आहे, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं आणि विषय संपवला. नियामक संस्थांच्या इतिहासात ‘मी रोज खातो, मला काही झालं नाही’ हा युक्तिवाद इतक्या वरच्या पातळीवरून बहुधा पुन्हा झालेला नाही. खालच्या पातळीवर तो आपल्याकडे रोज होतो.

रूझवेल्ट यांनी मग तज्ज्ञांचं एक मंडळ नेमलं आणि त्याच्या अध्यक्षपदी बसवलं आयरा रेमसन यांना. म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं, ज्यांना न विचारता फालबर्ग यांनी पेटंट घेतलं, आणि जे त्या रागातून कधीच बाहेर आले नाहीत, त्यांनाच. हितसंबंध म्हणावा की हितशत्रुत्व, कळत नाही. पण या मंडळानं जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. विष की अमृत, या वादात ते पडलंच नाही. रोज 0.3 ग्रॅमपर्यंत सॅकरिन दीर्घकाळ घेतलं तरी अपाय दिसत नाही, त्याहून जास्त घेत राहिलं तर पचन बिघडू शकतं, असं त्यानं सांगितलं. हे 1911 च्या सुमाराचं. म्हणजे वायली ‘घातक’ म्हणत होते, रूझवेल्ट ‘मूर्ख’ म्हणत होते, आणि ‘किती?’ हा प्रश्न फक्त या मंडळानं विचारला.

गंमत पुढेच आहे. हाच प्रश्न अमेरिकी संसद 1958 साली साफ विसरली. अन्नात घालायच्या पदार्थांबद्दलच्या कायद्यात डिलेनी नावाच्या सदस्याच्या आग्रहावरून एक कलम आलं. माणसाला किंवा प्राण्याला खाऊ घातल्यावर ज्यानं कॅन्सर होतो असं दिसेल, तो पदार्थ अन्नात चालणार नाही. किती खाऊ घातला, याला कलमात जागाच नव्हती. उंदरांना सायक्लामेट आणि सॅकरिन यांचं मिश्रण भरपूर चारल्यावर मूत्राशयात गाठी दिसल्या आणि 1969 मध्ये सायक्लामेट बाद झालं. अमेरिकेत ते आजही बाद आहे, युरोपात चालतं. समुद्र ओलांडला की पदार्थाचं चारित्र्य बदलतं, असं नव्हे. पुरावा तोच, तराजू निराळा.

1977 मध्ये पाळी सॅकरिनची आली. कॅनडातल्या प्रयोगात नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या. त्या उंदरांच्या खाण्यात शेकडा 5 भाग सॅकरिन होतं. माणसानं त्याची बरोबरी करायची तर दिवसाला साखरविरहित सोड्याचे सुमारे 800 डबे प्यावे लागतील, असा हिशेब तेव्हा गाजला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बंदीचा प्रस्ताव मांडताच मधुमेही आणि वजन उतरवणारे असे दोघेही खवळले. संसदेनं मध्यममार्ग काढला. बंदी स्थगित, आणि वेष्टनावर इशारा, की याने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना कॅन्सर होतो. पुढे कळलं की नर उंदराचं मूत्र ही चीजच वेगळी आहे. त्यातली प्रथिनं आणि क्षार भरमसाठ सॅकरिनच्या संगतीत बारीक खडे बनवतात, ते मूत्राशयाला आतून खरवडतात आणि तिथे गाठी होतात. माणसाच्या बाबतीत ही साखळी जुळत नाही. 2000 साली तो इशारा काढून टाकला गेला. उंदराच्या लघवीचा अभ्यास करून माणसाच्या चहाला न्याय देणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला अपार आदर आहे. त्यांना घरी ‘आज काय केलंत?’ असं विचारलं तर ते काय सांगत असतील?

तर आता हे ‘किती’ ठरतं कसं? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती 1956 पासून हे काम करते. पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा आयुष्यभर खाऊ घालायच्या. त्यांची पिल्लं, रक्त, यकृत, मूत्रपिंडं, सगळं तपासायचं. ज्या मात्रेला काहीही वाईट घडलेलं दिसत नाही, ती सगळ्यात मोठी मात्रा धरायची. मग तिला शंभरानं भागायचं. पहिले दहा यासाठी, की माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो. दुसरे दहा यासाठी, की माणसामाणसांतही कुणी म्हातारं, कुणी लहान, कुणी आजारी असतं. हा शंभर कुठल्या समीकरणातून निघालेला नाही. 1954 साली लेहमन आणि फिट्झह्यू या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सावधपणे सुचवलेला तो गोल आकडा आहे. विज्ञानातही कुठेतरी ‘असू दे थोडं जास्तच’ म्हणणारी आजी बसलेली असते, हे मला फार आवडलं.

ॲस्पार्टेमचं उदाहरण घ्या. उंदरांना शरीराच्या दर किलोमागे रोज 4000 मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नाही. भागिले शंभर, म्हणजे 40. साठ किलोच्या माणसाला रोज 2400 मिलिग्रॅम, तेही जन्मभर. बाजारातल्या नेहमीच्या छोट्या गोळीत साधारण 18 मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असतं. म्हणजे दिवसाला 133 गोळ्या. कपाला दोन धरल्या तर 66 कप चहा. एवढा चहा प्यायलेल्या माणसाला पहिला त्रास ॲस्पार्टेमचा होणार नाही. आपल्या पंगतीत वाढणारा ‘किती?’ म्हणून विचारत नाही, तो ‘अजून एक!’ म्हणतो. नियामक म्हणजे ताटावर हात आडवा धरणारा पाहुणा. पोट भरायच्या कितीतरी आधीच तो हात आडवा येतो.

सॅकरिनची हीच मर्यादा या समितीनं 1993 साली दर किलोमागे 5 मिलिग्रॅम ठरवली. साठ किलोला गुणून पाहा. 300 मिलिग्रॅम. म्हणजे 0.3 ग्रॅम. ऐंशी वर्षं, हजारो उंदीर, एक बंदी, एक स्थगिती आणि एक इशारा एवढा प्रवास करून आकडा पुन्हा त्या रागीट रेमसन यांच्या मंडळापाशी येऊन थांबला. हा निव्वळ योगायोग असेल. पण असा योगायोग पंचांगात सापडता तर आपण त्यावर मुहूर्त काढला असता. (युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं 2024 मध्ये ही दर किलोमागची मर्यादा 9 मिलिग्रॅमपर्यंत वाढवली आहे.)

सगळंच इतकं सोज्वळ नाही, हेही सांगायला हवं. हे प्रयोग बहुतेकदा पदार्थ विकू पाहणारी कंपनीच करून देते. ॲस्पार्टेमला अमेरिकेत 1974 मध्ये मिळालेली परवानगी पुढच्याच वर्षी रोखली गेली, कारण कंपनीच्या प्रयोगांविषयी शंका उठल्या. 1980 मध्ये चौकशी मंडळानं परवानगी नको म्हटलं. 1981 मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या नव्या आयुक्तांनी ती दिली. संशय घ्यायला ही कथा पुरेशी आहे आणि लोकांनी तो मनसोक्त घेतला. म्हणूनच 2013 मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं जुने-नवे सगळे कागद मागवून, ते लोकांसमोर ठेवून फेरतपासणी केली, याचं मोल मला मोठं वाटतं. उत्तर तेच आलं, 40. पण कागद उघड्यावर ठेवून आलेलं 40 आणि कपाटात कुलूपबंद असलेलं 40 यांत फरक आहे.

एवढं सगळं झाल्यावर 14 जुलै 2023 उजाडला. आमच्या काकूंचा फोन.

“अरे, त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय.”

“काकू, त्याच संघटनेनं आजच सांगितलंय की 40 पर्यंत चालेल.”

“म्हणजे त्यांचं त्यांनाच माहीत नाही.”

काकूंचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यात त्यांचा दोष नाही. एकाच संघटनेशी जोडलेल्या दोन संस्था त्या दिवशी एकाच पदार्थावर बोलल्या. लियॉनमधली कॅन्सर संशोधन संस्था फक्त एवढं पाहते, की या पदार्थात कॅन्सर घडवण्याची कुवत असू शकेल का, आणि त्याचा पुरावा किती पक्का. किती खाल्लं तर, हे ती पाहतच नाही. तिनं ॲस्पार्टेमला ‘2-ब’ गटात टाकलं. म्हणजे शक्यता आहे, पुरावा तोकडा. या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत. दुसरी, आपली भागाकारवाली समिती, जुन्या आकड्यावर ठाम राहिली. सत्तर किलोच्या माणसानं दिवसाला सोड्याचे 9 ते 14 डबे प्यायले तर मर्यादा ओलांडली जाईल, असा हिशेबही मांडला गेला. पहिलं वाक्य काकूंच्या व्हॉट्सॲपवर आलं. दुसरं आलं नाही, कारण त्यात भीती नव्हती आणि गुणाकार होता.

आपल्याकडचे नियम वाचायचे तर थोडी भूक राखून वाचावेत. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या नियमांत कुठल्या पदार्थात कुठला कृत्रिम गोडवा किती, याचा तक्ता आहे. त्यात हलवा, म्हैसूरपाक, बुंदीचे लाडू, जिलबी, खव्याची बर्फी, पेढा, गुलाबजाम आणि रसगुल्ला यांची नावं राजपत्राच्या कोरड्या भाषेत एका रांगेत उभी आहेत. सरकारी मजकूर वाचताना तोंडाला पाणी सुटण्याचा हा माझ्या माहितीतला एकमेव प्रसंग. त्याच नियमांत सॅकरिन सोडायुक्त शीतपेयात दहा लाख भागांत 100 भाग चालतं आणि पानमसाल्यात 8000. चमकू नका. शीतपेय बाटलीनं पोटात जातं, मसाला चिमटीनं. रोजची एकूण मात्रा हाताबाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक पदार्थाला त्याच्या खपाप्रमाणे वेगळी मर्यादा असते. पानमसाल्याची बाकी वाईट कृत्यं सॅकरिनच्या खात्यावर टाकण्यात अर्थ नाही.

या सगळ्या चौकशीतून एक जण मात्र आजवर सहीसलामत सुटला आहे. साखर. तिला भागिले शंभर कधी लागलंच नाही. लागलं असतं तर दिवाळीचा फराळ चिमट्यानं वाढावा लागला असता. ती आधीपासून घरात होती, म्हणून तिला कुणी ओळखपत्र मागितलं नाही. जागतिक आरोग्य संघटना एवढंच म्हणते, की जेवणातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या शेकडा 10 भागांहून कमी ठेवा, 5 च्या आत राहिलात तर उत्तम. आणि हीच संघटना मे 2023 मध्ये असंही म्हणाली, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यांवर भिस्त ठेवू नका, दूरच्या पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. म्हणजे नियामकांनी ‘अपाय नाही’ असं लिहिलं, ‘उपाय आहे’ असं कधीच लिहिलेलं नाही. चहात गोळी टाकून त्या वाचलेल्या कॅलरींच्या हक्कावर दुसरी पुरणपोळी घेणाऱ्यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. मी त्यांच्याच शेजारी बसलेला असतो.

एका बाबतीत मात्र भागाकार कामाला येत नाही. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांच्या शरीराला फिनाइलॲलनिन पचवता येत नाही, आणि ॲस्पार्टेम फुटलं की त्यातून तेच निघतं. त्यांच्यासाठी 40 हा आकडा नाहीच. म्हणून ॲस्पार्टेमच्या प्रत्येक वेष्टनावर अगदी बारीक अक्षरांत त्यांच्यासाठी एक सूचना छापलेली असते. लहान मुलाला आवडीनं काही साखरविरहित देणार असाल, तर त्या मुलाच्या आईला आधी विचारा आणि चष्मा लावून तेवढी एक ओळ वाचा.