‘डायरेक्ट’ जोडून देणाऱ्या मिस्त्रींस

रा. रा. सोलरवाले मिस्त्री यांसी,


पत्रास कारण की, आमच्या दिंडीच्या टेम्पोवर आपण बसवून दिलेल्या सोलरने वाशिम जिल्ह्यातच राम म्हटला. मेडशीला ट्यूब मिणमिणल्या, शिरपूरला माइक बसला आणि रिसोडला टेम्पोच सुरू होईना. फोनवर आपण म्हणालात, “आभाळ होतं ना भाऊ, सोलर काय करंल?” आषाढीच्या वाटेवर आभाळ असतं हा शोध आपल्या नावावर जमा. तरी सूर्यावर आळ घेण्याआधी आम्ही रिसोडच्या एका वायरमनला टेम्पो दाखवला. तो बराच वेळ हसला.

आपली काटकसर त्याच्याकडूनच कळली. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात १८ व्होल्टच्या आसपास चालतं. शिशाच्या बॅटरीला मात्र साधारण साडेचौदाच्या पुढे सोसत नाही. मध्ये चार्ज कंट्रोलर असतो तो याचसाठी. आपण ‘डायरेक्ट’ जोडून दिलंत आणि उघडीप मिळाली त्या दिवशी बॅटरीतलं पाणी उडालं.

बॅटरी तरी कसली! नवं स्टिकर चिकटवलेली, ट्रकमधून उतरवलेली. इंजिन फिरवायला क्षणभर जोर लावणं हा तिचा धर्म; रात्रभर दिवे आणि फोन पोसायला जाड प्लेटांची ट्युब्युलर लागते. पैसे आपण ट्युब्युलरचेच घेतलेत, एवढा धर्म पाळलात.

वायर घरातली, दीड एमएमची. घरी २३० व्होल्टवर ३०० वॉटना दीड अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टवर तेवढ्यालाच पंचवीसच्या वर लागतात. वायर तापली, व्होल्टेज वाटेतच जिरलं आणि हरिपाठाला इन्व्हर्टरने टाळांच्या वरताण ‘पीं पीं’ धरली. फ्यूज आपण लावलाच नाही. त्याच टेम्पोत गाद्या होत्या, गॅस सिलिंडर होतं. बाकी विठ्ठल होताच.

पॅनेल बसवलंत ते बरोबर भोंग्याच्या सावलीत. पॅनेलचे सेल एकामागे एक जोडलेले. एकावर सावली पडली की अख्ख्या ओळीचा प्रवाह अडतो. आणि कळस म्हणजे इंजिनाची बॅटरी व ही बॅटरी एकत्र बांधलीत, मध्ये आयसोलेटर नाही. रात्रीतून फोनांनी दोन्ही रिकाम्या केल्या. सकाळी सत्तरीच्या माळकऱ्यांनी ज्ञानबा-तुकारामच्या ठेक्यावर टेम्पोला धक्का मारला. त्यांचं पुण्य आपल्याच खात्यावर मांडलं आहे.

आता आभाळाचं. याच सूर्यावर या जिल्ह्यातले शेतकरी विहिरी उपसतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के. वर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. आपली हमी तीन शब्दांची: “काई होत नाई!”

पुढच्या वर्षीही काम आपल्यालाच देऊ. फक्त बिलावर पॅनेलचे वॉट, बॅटरीचे अँपिअर-अवर, वायरीची जाडी आणि फ्यूजचा आकडा सहीनिशी लिहून द्या. आणि पंढरपूरपर्यंत झोपायला टेम्पोतच या, बॅटरी आणि सिलिंडरच्या मधोमध. काई होत नाई!

आपला,
दिंडीचा हिशेब ठेवणारा एक वारकरी