रजा मंजूर, मासा नामंजूर

ऑरेगॉनच्या डेशूट्स नदीवर शरदात स्टीलहेड मासा धरायला जायचं, तर तयारी लग्नघरासारखी उन्हाळ्यातच सुरू होते. दोन हातांनी गळ फेकायची काठी, छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख, खिळ्यांचे बूट. रोज सकाळी माशांच्या वाटेवरच्या बॉनव्हिल धरणावरचा आकडा बघायचा. तिथे माशांच्या जिन्याशी, काचेआड, मासे मोजायची सोय आहे. बोट घ्याच, पण तिच्यातून गळ टाकायला बंदी. मासा समुद्रातून आलेला, नदीत फारसं खात नाही; त्याला दाखवायची जांभळी पिसं! चुकून लागलाच, तर पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर बघायचा. शाबूत असला तर मासा अस्सल रानटी, म्हणजे मुकाट सोडायचा. 2021 मध्ये तर मासे इतके कमी आले, की सरकारने स्टीलहेडची मासेमारीच बंद केली. काठ्या मात्र तेव्हाही विकल्या गेल्या असणारच.