हे हवंय का?

कोथरूडात सध्या कुणालाही 'काय, कसं काय?' विचारलं, तर तब्येतीचं उत्तर येत नाही, एफएसआयचं येतं. आमचीही सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. सभा झाल्या, रुसवेफुगवे झाले, एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन मजले सह्यांपुरते एकत्र आले आणि अखेर करार झाला. बिल्डर भाडं देणार, एजंटचे पैसे देणार आणि सामान हलवण्याचा खर्चही देणार, तोही एकरकमी. एकरकमी मिळालेले पैसे खर्च केले नाहीत तर उरतात, हे आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांच्या तत्काळ ध्यानात आलं. "पॅकर्सवाले कशाला हवेत? बांधाबांध आपण करू, टेम्पोपुरते पैसे देऊ," असं हिने जाहीर केलं. विरोधी पक्षाला, म्हणजे मला, सभागृहात बोलू देण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

बांधाबांधीला आधी लागतात खोकी. २०२२ पासून महाराष्ट्रात भर दुकानात 'खोकी आहेत का?' असं मोठ्यानं विचारायची सोय राहिलेली नाही, चार लोक वळून बघतात. वाण्याकडे मिळाली ती बिस्किटांची. त्यांत पुस्तकं भरून उचललं की वरचा पुठ्ठा हातात येतो आणि पुस्तकं जमिनीवर राहतात. जाणकार म्हणाले, काचसामानाला दारूच्या दुकानातल्या खोक्यांना तोड नाही. पुठ्ठा जाड, आत बाटल्यांसाठी बारा कप्पे, एकेका कप्प्यात एकेक ग्लास चपखल बसतो. त्या दुकानाची पायरी उभ्या जन्मात न चढलेला मी भर सकाळी तिथे जाऊन 'रिकामी मिळतील का?' असं विचारता झालो. मालक गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाला, "भरलेल्यांवर रिकामी फुकट आहेत." तरी दिली बिचाऱ्याने. ती घेऊन जिना चढताना एरवी दिवाळीलाही न भेटणारी अख्खी सोसायटी भेटली. "सुरुवात झाली वाटतं!" एवढंच सगळे म्हणाले. कसली, ते कुणीच म्हणालं नाही.

मग प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि पहिल्याच कपाटाशी अडलं. घरातल्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारला जाऊ लागला: "हे हवंय का?" लेक बंगळुरूहून मुद्दाम चार दिवस रजा काढून मदतीला आली होती आणि येताना एक नियम घेऊन आली होती. जे वर्षभर वापरलं नाही, ते टाकायचं. नियम ऐकायला सुटसुटीत आहे. पण त्या हिशेबानं पुरणयंत्र होळीपर्यंत आणि मोदकपात्र गणपतीपर्यंत टिकतं, आणि अधिक महिन्यातलं जावयाच्या वाणाचं तबक, जे तीन वर्षांतून एकदा बाहेर येतं, ते सरळ भंगारात जातं. कोपऱ्यात फुलवाती वळत बसलेली आई म्हणाली, "वर्षभरात मलाही कुणी वापरलेलं नाही. माझं खोकं कुठलं?" त्यानंतर नियम मागे घेण्यात आला.

नियम गेला आणि मतभेद उरले. आपली असते ती वस्तू, दुसऱ्याची असते ती अडगळ, हे तत्त्व घरात चौघांनाही एकमतानं मान्य होतं. आपण कोण आणि दुसरा कोण, एवढाच वाद होता. माझे जुने रेडिओ अडगळ, हिच्या पैठणीसोबत आलेल्या रिकाम्या पेट्या मात्र 'कामाच्या'. लेकीची शाळेतली प्रगतिपुस्तकं जपायची, माझी फेकायची, कारण काय तर त्यांत प्रगती दिसत नाही. मी नेमाड्यांच्या 'हिंदू'चा आधार घेतला. तिच्या नावातच जगण्याची समृद्ध अडगळ आहे, म्हटलं. ही म्हणाली, "जगण्याची असेल. नेण्याची नाही."

पुस्तकांचा शास्त्रार्थ वेगळा. पुस्तकं कधीही मोठ्या खोक्यात भरू नयेत, हे मराठी विश्वकोशानं आम्हाला शिकवलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला १९७६ साली पहिला खंड निघाला, तेव्हा वडिलांनी तो हौसेनं घेतला, आणि पुढचे खंड निघतील तसे घेत गेले. ज्ञानाला वजन असतं हे मी भाषणांत ऐकलं होतं, कमरेत प्रथमच जाणवलं. "बाबा, हा सगळा आता इंटरनेटवर फुकट आहे," लेक म्हणाली. असेल. पण इंटरनेट टाचेखाली घेऊन माळ्यावर हात पोचत नाही. दिवाळी अंकांचं तसंच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून महाराष्ट्राला ही गोडी लावली, पण वाचून झालेल्या अंकांचं काय करायचं ते सांगितलं नाही. रद्दीवाला किलोवर घेतो, आणि तराजूत टाकताना नेमकी एखादी कथा उघडी पडते. मग तो तराजू धरून उभा आणि आपण कथा वाचत उभे. आमचा रद्दीवाला शेवटी चहा घेऊन गेला, रद्दी राहिली.

खरी लढाई स्वयंपाकघरात झाली. ताटल्या आडव्या रचल्या तर फुटतात, कागदात गुंडाळून उभ्या लावल्या तर टिकतात, एवढं ज्ञान लेकीनं मोबाइलवरून मिळवलं होतं. पण विळी कशी बांधायची, याचा व्हिडिओ जगात कुणी केलेला दिसत नाही. पातं पाटावर मिटवा, सुतळीनं आवळा, वर जुनी चादर गुंडाळा, तरी खोबरं खवायची चंद्रकोर कुठून तरी बाहेर डोकावतेच. त्या खोक्याच्या चारही बाजूंना आईनं स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विळी. हात घालू नये.'

भांडी निघाली ती निघतच राहिली. पेढेघाटी डबे, तांबे, फुलपात्रं, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं. एक डबा मी उजेडात धरून वाचला. झाकणाच्या कडेनं गोल फिरत 'चि. सौ. कां.', पुढे घासून गेलेलं नाव, मग 'हिच्या विवाहप्रीत्यर्थ', आणि जागा संपल्यामुळे तारखेतलं साल एकदम बारीक होऊन पुन्हा 'चि.'ला टेकलेलं. ही कन्या कोण, हे घरात कुणालाच सांगता येईना. तिच्या लग्नाचा डबा आमच्याकडे कसा आला, हे तर विचारायचंच नाही. "बोहारणीला देऊन टाकू," मी म्हणालो. त्यावर दोन अडचणी निघाल्या. पहिली: नाव असलेलं भांडं बाहेर देता येत नाही, उद्या ते फिरतफिरत नेमकं त्यांच्याच घरी गेलं तर? दुसरी: बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते. गेली तीस वर्षं आमच्या पँटींचं रूपांतर त्या डब्यांत तिनंच केलं होतं. उलटा व्यवहार ती करत नाही. डबे खोक्यात गेले.

इथपर्यंत निदान काही फेकलं जाण्याची आशा होती. ती वॉशिंग मशीननं संपवली. पुढून उघडणारं मशीन हलवताना आतला ड्रम मागून बोल्ट लावून जखडावा लागतो, नाहीतर वाटेत हिंदकळून आतलं सगळं खिळखिळं होतं. हे बोल्ट मशीन बसवणारा माणूस पहिल्या दिवशी काढून हातात देतो आणि 'जपून ठेवा' म्हणतो. टेम्पोवाल्यानं ते मागितले आणि घर सुन्न झालं. मी काही न बोलता माझा खिळे-स्क्रूंचा डबा आणला. तोच डबा, ज्याला सकाळपासून तीनदा 'हे हवंय का?' विचारून झालं होतं. आत दाढीच्या जुन्या ब्लेडांच्या पुडीखाली, रबरबँडनं बांधलेले, बोल्ट होते. सगळे. संसारात नवऱ्याला असा क्षण फार विरळा लाभतो. मी तो पुरेपूर उपभोगला.

पण त्यातून एक घातक पायंडा पडला. त्या मिनिटापासून कशाकडेही बोट दाखवलं की 'बोल्टचं काय झालं होतं?' असा सवाल येऊ लागला. हिने पेट्या वाचवल्या, लेकीनं सुकलेली स्केचपेनं वाचवली, आईनं घासलेट बंद झाल्यानंतरचा स्टोव्ह, त्याच्या पिना आणि वॉशरसकट वाचवला. खोक्यांवर मी नीट लिहायचं ठरवलं होतं: 'काच, ही बाजू वर'. हिने लिहिलं: 'रोजचं', 'सणाचं' आणि 'बघू'. 'बघू'ची खोकी सर्वांत जास्त झाली. कात्री आणि चिकटपट्टी 'लगेच लागणारं' या खोक्यात घालून ते चिकटपट्टीनं पक्कं बंद करण्यात आलं.

देव सर्वांत शेवटी निघतात आणि सर्वांत आधी पोचतात, हा रिवाज. लंगडा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा, एकेकाला मऊ धोतरात गुंडाळून आईनं कप्प्यांच्या खोक्यात ठेवलं. कप्पे फार आवडले तिला. "खोक्यावर काय लिहिलंय रे?" तिनं विचारलं. "इंग्रजी आहे, आई," मी म्हणालो. देवांनी काही तक्रार केली नाही.

इतकं सगळं झाल्यावर माझं ठाम मत बनलंय. पॅकर्सवाल्यांना आपण दोरी, पुठ्ठा आणि मेहनतीचे पैसे देतो, हा गैरसमज आहे. आपण पैसे देतो ते त्यांनी 'हे हवंय का?' असं न विचारण्याचे. ते समोर दिसेल ते गुंडाळतात, भरलेल्या कचऱ्याच्या डब्यासकट, आणि घरातली माणसं संध्याकाळी एकमेकांशी बोलत असतात. या सेवेला ते जे काही घेतात ते कमीच आहे.

तुमच्याही सोसायटीचा करार व्हायचा असेल, तर एक ऐका. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचाच करायची आपल्याकडे रीत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी कितीही मुदतीला करावीच लागते, तरी रीत ती रीत. आणि इमारत काही अकरा महिन्यांत उभी राहत नाही. तेव्हा सामान हलवण्याचे पैसे बिल्डरकडून जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे आणि मध्येच घरमालकानं घर मागितलं तर त्याचे वेगळे, असे लिहून घ्या. आणि कराराच्या मसुद्यात 'सामान सभासद स्वतः बांधतील' असं कुठे दिसलं, तर त्या पानावर अजिबात सही करू नका.